बारीक माणसाचं फॅटी लिव्हर: हिपॅटायटिस सी जीनोटाइप ३ चं प्रकरण

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड १' हे आपल्याकडे इतकं सर्रास लिहून येतं की आता ते वाचून कोणाच्या पोटात गोळा वगैरे येत नाही. डॉक्टर म्हणतात तेलकट कमी करा, चालायला जा, माणूस घरी येतो, चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी वडापाव. पोट सुटलंय, शुगर आहे, रोजची दारू आहे असं काही असेल तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. पण माणूस सडपातळ, शुगर नॉर्मल, दारूला हात लावत नाही, आणि वर लिपिड प्रोफाइल बघावं तर कोलेस्टेरॉल, एलडीएल दोन्ही इतके कमी की शेजारच्याला दाखवून मिरवावं, तरीही लिव्हरमध्ये चरबी ठासून भरलेली, अशा माणसाचं काय करायचं? रक्तात चरबी कमी आणि लिव्हरमध्ये जास्त, हे एकाच शरीरात कसं काय?

या वर्णनात बसणाऱ्या पेशंटांचा एक मोठा गट आहे, तो म्हणजे हिपॅटायटिस सी या लिव्हरच्या व्हायरसचा जीनोटाइप ३, म्हणजे जनुकीय प्रकार ३, झालेले लोक, आणि भारतात सगळ्यात जास्त आढळतो तो हाच जीनोटाइप. तेव्हा हे प्रकरण एका पेशंटचं म्हणून न मांडता या जीनोटाइपचं म्हणून मांडतो. व्हायरस पेशीत शिरल्यावर तिथल्या चरबीचं नक्की काय करतो हे इतकं स्वच्छ दाखवणारी उदाहरणं फार नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा व्हायरस १९८९ मध्ये सापडला, त्याआधी त्याला नुसतं 'नॉन-ए नॉन-बी' म्हणायचे. नंतर त्याचे जीनोटाइप पडले, १, २, ३ असे, आणि ९० च्या दशकात जगभर बायॉप्सी व्हायला लागल्या तेव्हा पॅथॉलॉजिस्टना दिसलं की साधारण निम्म्या पेशंटांच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. पहिला विचार साहजिकच असा की हे लोक आधीच जाड असतील किंवा पीत असतील. जीनोटाइप १ मध्ये हा विचार बऱ्यापैकी खरा निघाला, तिथे चरबी वजनाबरोबर आणि इन्सुलिन रेझिस्टन्सबरोबर वाढते, व्हायरस किती आहे याच्याशी तिचं फारसं देणंघेणं नाही. जीनोटाइप ३ मध्ये मात्र उलटं. २००० साली जिनिव्हाच्या गटाने (रुबिया-ब्रांट, नेग्रो ही त्यातली नावं) दाखवलं की इथे चरबी व्हायरसच्या प्रमाणाबरोबर चालते, व्हायरस जास्त तिथे चरबी जास्त. म्हणजे पेशंटच्या खाण्यापिण्यापेक्षा व्हायरसचाच हात मोठा.

पण नुसतं एकाबरोबर दुसरं वाढतं म्हणून काही सिद्ध होत नाही, आणि म्हणूनच मला या सगळ्यात २००२ चा सिडनीचा अभ्यास जास्त वजनदार वाटतो. तिथे त्याच पेशंटांची उपचाराआधी आणि उपचारानंतर अशी दोनदा बायॉप्सी पाहिली, उपचार त्या काळचा, म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं. जीनोटाइप ३ चे जे बरे झाले त्यांच्या लिव्हरमधली चरबी घटली, जे बरे झाले नाहीत त्यांची तशीच राहिली. जीनोटाइप १ मध्ये व्हायरस जाऊनही चरबीत फरक नाही. आता कोणी म्हणेल की इंटरफेरॉनने वजन उतरतं, तोंडाची चव जाते, ताप येतो, माणूस जेवत नाही, त्याने चरबी गेली असेल. मग जीनोटाइप १ वाल्यांचीही जायला हवी होती ना, इंजेक्शनं तीच, हाल तेच. ती गेली नाही. एवढ्या एका तुलनेने शंका बऱ्यापैकी मिटते.

आता पेशीच्या आत जाऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

हिपॅटायटिस सी चा सगळा जनुकीय मजकूर म्हणजे साधारण ९,६०० अक्षरांचा एक आरएनए, त्यातून एक लांबलचक प्रोटीन तयार होतं आणि त्याचे तुकडे पडून १० प्रोटीनं होतात. या दहांमध्ये चरबी बनवणारं एकही एन्झाइम नाही. आणि तरी या व्हायरसला पावलोपावली चरबी लागते, आरएनएच्या कॉप्या काढायला लागते, नवीन कण जुळवायला लागते, बाहेर पडायला लागते, पुढच्या पेशीत शिरायलाही लागते. म्हणजे सगळं यजमानाकडून उचलायचं. लिव्हरची पेशी त्यासाठी सोयीचीच, कारण शरीरातला चरबीचा बराचसा हिशेब तिच्याकडेच असतो.

निरोगी लिव्हर पेशीतही चरबीचे छोटे थेंब असतात, त्यांना लिपिड ड्रॉपलेट म्हणतात. आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरिल एस्टर, बाहेरून फॉस्फोलिपिडचा एकच थर, आणि त्या थरावर काही प्रोटीनं बसलेली. बरीच वर्षं लोक याकडे साठवणीचा डाग म्हणून बघायचे, फार लक्ष द्यावं असं काही नाही. या व्हायरसने ती समजूत बदलायला भाग पाडलं असं म्हटलं तरी चालेल.

अडचण अशी होती की हिपॅटायटिस सी लॅबमध्ये वाढतच नव्हता. १९९९ मध्ये जर्मनीतल्या गटाने आरएनएची कॉपी होण्यापुरता भाग पेशींमध्ये चालवून दाखवला, पण पूर्ण व्हायरस, जो बाहेर पडून दुसऱ्या पेशीला लागण करेल, तो काही मिळेना. २००५ मध्ये मिळाला. ताकाजी वाकिता यांनी एका जपानी पेशंटकडून जो स्ट्रेन वेगळा केला होता, जेएफएच-१ नावाचा, तो लिव्हरच्या कॅन्सरपासून आलेल्या एचयूएच-७ पेशींमध्ये पूर्ण चक्र करायला लागला, आणि मग दोन-तीन वर्षांत पेपरांचा पाऊस पडला.

त्या पेशी मायक्रोस्कोपखाली कशा दिसतात ते सांगतो. चरबीला एक रंग, व्हायरसच्या कोअर प्रोटीनला (त्याच्या आरएनएभोवतीचं कवच बनवणारं प्रोटीन) दुसरा. लागण नसलेल्या पेशीत चरबीचे थेंब सगळीकडे विखुरलेले, कुठे एक, कुठे चार. लागण झालेल्या पेशीत तेच थेंब केंद्रकाच्या एका बाजूला घोळका करून बसलेले, आणि प्रत्येक थेंबाभोवती कोअरचं कडं, बांगडीसारखं गोल. थेंबावर आधीपासून बसलेलं पेशीचं स्वतःचं प्रोटीन कोअरने बाजूला सारलेलं असतं, आणि थेंबांना केंद्रकाकडे ओढत नेण्यासाठी पेशीतल्याच वाहतुकीच्या तारा आणि मोटर प्रोटीनं वापरलेली असतात. स्वतःचं काही खर्च नाही. हे चित्र पाहिल्यावर चरबी ही या इन्फेक्शनची कडेची गोष्ट आहे असं कोणी म्हणू शकत नाही.

थेंबावर बसून कोअर करतं काय? २००७ मध्ये जपानच्याच गटाने दाखवलं की कोअर तिथे बसलं की व्हायरसची बाकीची प्रोटीनं, मुख्य म्हणजे एनएस५ए, आणि नवीन आरएनए हे सगळं त्या थेंबाच्या आसपास जमा होतं आणि कण जुळायला लागतो. कोअरमध्ये असा बदल केला की ते थेंबाला चिकटू शकणार नाही, तर आरएनएच्या कॉप्या निघत राहतात पण लागण करू शकणारा व्हायरस बाहेर येणं जवळजवळ थांबतं. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेलानी ओट यांच्या लॅबने पुढचा धागा पकडला. ट्रायग्लिसराइड बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर पेशीकडे दोन एन्झाइमं असतात, डीजीएटी१ आणि डीजीएटी२, काम साधारण तेच. पण कोअरला थेंबावर पोचवायला फक्त डीजीएटी१ चालतं. ते बंद केलं की व्हायरसचे कण बनणं कोसळतं, डीजीएटी२ बंद करून काही होत नाही. इतकी नेमकी निवड. हे वाचल्यावर कोणालाही वाटेल की झालं, औषध सापडलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

त्याआधी कॉपी काढण्याचं. त्यासाठी व्हायरस पेशीतली आतली पडदी मुडपून मुडपून एक जाळं तयार करतो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये त्यात दुहेरी पडद्याच्या पुड्याच पुड्या दिसतात. साध्या पडद्याने हे होत नाही, पडद्यातली चरबीच बदलावी लागते. त्यासाठी एनएस५ए पेशीचं एक एन्झाइम धरून आणतं, ते एका खास फॉस्फोलिपिडचा, पीआय४पीचा साठा वाढवतं, आणि त्या पीआय४पीच्या बदल्यात ओएसबीपी नावाचं प्रोटीन तिथे कोलेस्टेरॉल आणून टाकतं. सरळ अदलाबदल. दरम्यान पेशीचं चरबी तयार करण्याचं कामही वाढलेलं असतं. एकूण काय तर बनवणं वाढलं, साठवणं वाढलं.

आणि बाहेर जाणं? कोड्याची किल्ली इथे आहे. लिव्हर आपली चरबी रक्तात पाठवते ती व्हीएलडीएल नावाच्या कणांमधून, त्यात अ‍ॅपोबी हे प्रोटीन असतं आणि त्यावर चरबी चढवण्याचं काम एमटीपी नावाचं प्रोटीन करतं. उंदरांमध्ये नुसतं कोअर प्रोटीन घातलं तरी एमटीपीचं काम मंदावतं आणि व्हीएलडीएल बाहेर जाणं कमी होतं, हे २००२ मध्ये दिसलं. मग जीनोटाइप ३ च्या पेशंटांच्या लिव्हरमध्येही एमटीपी कमी सापडलं. म्हणजे गोदामात माल येतोय, बनतोय, रचला जातोय, आणि दारातून ट्रक निघायचे मात्र कमी झालेत. आत चरबी फुगणार, रक्तात कोलेस्टेरॉल उतरणार. त्या बारीक माणसाचा सुंदर लिपिड प्रोफाइल म्हणजे प्रकृती चांगली असल्याची खूण नव्हती, लिव्हरचा माल अडकल्याची होती.

वर व्हायरसची हुशारी अशी की जे थोडं बाहेर जातं त्याच वाटेने तोही निघतो. पेशंटच्या रक्तातले हिपॅटायटिस सी चे कण नेहमीच्या व्हायरसपेक्षा फारच हलके असतात कारण त्यांच्याबरोबर अ‍ॅपोई, अ‍ॅपोबी आणि भरपूर चरबी असते, अर्धा व्हायरस अर्धा लायपोप्रोटीन (रक्तातून चरबी नेणारा कण) असा प्रकार. लॅबमध्ये शुद्ध केलेल्या कणांतल्या एकूण चरबीपैकी जवळजवळ निम्मं कोलेस्टेरिल एस्टर निघालं, पेशीच्या पडद्यात असं प्रमाण कधीच नसतं. हा वेष घेतल्याने अँटिबॉडीला तो नीट सापडत नाही आणि पुढच्या लिव्हर पेशीच्या दारावर जी लायपोप्रोटीन ओळखणारी रिसेप्टरं असतात ती त्याला धरायला मदत करतात.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण बरेच लेख इथे घाईत पुढे जातात. वर जे जेएफएच-१ चं सगळं सांगितलं तो स्ट्रेन जीनोटाइप २ए आहे. तिकडे टोकियोच्या ज्या प्रसिद्ध उंदरांना कोअर प्रोटीनमुळे आधी फॅटी लिव्हर आणि नंतर कॅन्सर झाला (१९९८) त्यांच्यातलं कोअर १बी चं होतं. म्हणजे चरबीशी खेळण्याची कला सगळ्याच जीनोटाइपांना येते, ३ मध्ये ती जास्त उतू जाते एवढंच. का जास्त, यावर एकच एक उत्तर नाही. कोअर प्रोटीनच्या १६४ व्या जागी जीनोटाइप ३ मध्ये फेनिलअ‍ॅलनिन असतं, इतरांत बहुधा टायरोसिन (दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक), आणि तेवढ्या बदलाने पेशीत चरबी जास्त साठते असं फ्रान्समध्ये दिसलं. ३ए चं कोअर पीटीईएन नावाचं प्रोटीन कमी करतं आणि थेंब मोठे होतात हेही जिनिव्हातूनच आलं. माझ्या मते एमटीपीची गोष्ट सगळ्यात पटणारी, कारण ती एकटीच लिव्हर आणि रक्त दोन्हीकडचं सांगते, बाकीच्या फक्त लिव्हरपुरत्या.

उपचारांकडे येऊ. चरबी इतकी लागते तर चरबीच तोडूया, हा विचार सगळ्यांनाच आला. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं, तर हाताशीच होती, पेशींवर घातली की व्हायरसची कॉपी कमी व्हायची, पण पेशंटांमध्ये एकटी अटोर्वास्टॅटिन देऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, हललं नाही. डीजीएटी१ चं तर वाईटच वाटतं. त्याला अडवणारं प्राडिगास्टॅट नावाचं औषध पेशींमध्ये जोरदार चाललं, मग माणसांवर रँडमाइज्ड चाचणी झाली, एडवर्ड गेन यांच्या गटाचा पेपर २०१७ चा, आणि निकाल असा की पेशंटांमध्ये व्हायरसवर काही परिणाम नाही. एवढं देखणं बायॉलॉजी, आणि पेशंटला शून्य उपयोग. एचयूएच-७ या शेवटी कॅन्सरच्या पेशी, त्यांना व्हीएलडीएल धड बनवता येत नाही, त्यांच्यातला व्हायरसही पेशंटमधल्यापेक्षा जड निघतो, तेव्हा चरबीच्या बाबतीत त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आधीच पडायला हवा होता असं मला वाटतं. निदान ती चाचणी फसल्याचं छापून तरी आलं, नाहीतर असे निकाल कपाटात राहतात.

एक वेगळाच प्रयोग मात्र चालला. लिव्हरमध्ये एमआयआर-१२२ नावाचा छोटा आरएनए असतो, तो कोलेस्टेरॉलच्या चयापचयातही असतो आणि व्हायरसच्या आरएनएच्या टोकाला चिकटून त्याला टिकवूनही ठेवतो. त्याला अडवणारं मिराव्हिर्सन ३६ पेशंटांना दिलं, २०१३ मध्ये निकाल आला, व्हायरस कमी झाला आणि कोलेस्टेरॉलही उतरलं. पण तोवर थेट व्हायरसवर मारा करणाऱ्या गोळ्या आल्या आणि हा मार्ग मागे पडला.

त्या गोळ्यांची कथा आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. सोफोसबुव्हिर अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाली, १२ आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलर. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि इथे जेनेरिक आली, २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर सरकारी केंद्रांत मोफत मिळायला लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस सी चे सुमारे ५५ लाख लोक होते, म्हणजे काम संपलेलं नाहीच. सोफोसबुव्हिरबरोबर डॅक्लाटासव्हिर देतात, आणि डॅक्लाटासव्हिर अडवतं ते एनएस५ए ला, तेच, जे थेंबावर बसतं आणि पीआय४पीचा साठा वाढवतं. २०१४ मध्ये दिसलं की या औषधाने पडद्याचं ते जाळंच उभं राहत नाही. चरबीवर थेट मारा करून जे जमलं नाही ते चरबी ओढणाऱ्या व्हायरसच्या हातावर मारून जमलं.

जीनोटाइप ३ इथेही हट्टीच. याच दोन गोळ्यांच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत सिरॉसिस (लिव्हर आकसून कडक होणं) नसलेले ९६ टक्के बरे झाले, सिरॉसिस असलेले ६३ टक्केच. म्हणून सिरॉसिस असेल तर दुसरी जोडी किंवा जास्त दिवस. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या नोंदींमध्येही जीनोटाइप ३ मध्ये सिरॉसिस आणि लिव्हर कॅन्सर दोन्ही जीनोटाइप १ पेक्षा जास्त दिसले. यात चरबीचा वाटा असणार असा माझा कल आहे, तरी सगळं खापर तिच्यावर फोडणं घाईचं होईल.

आता बरं झाल्यानंतरचं, कारण गोंधळ इथेच होतो. व्हायरस गेला, अडकलेला माल सुटला, लिव्हर परत चरबी रक्तात पाठवायला लागली, आणि एलडीएल वर चढलं. हे २००९ च्या सुमारासच नोंदलं गेलंय की बऱ्या झालेल्यांमध्ये कोलेस्टेरॉल वाढतं आणि काहींचं तर गोळी सुरू करण्याइतकं वाढतं. पेशंटला वाटतं हिपॅटायटिसच्या औषधानेच कोलेस्टेरॉल वाढवलं, घरचे म्हणतात बरा होता आधी. आधी बरा नव्हता, आकडा खोटा कमी होता, आणि आता दिसतोय तो त्याचा स्वतःचा खरा आकडा. आईवडिलांना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेला असेल, बीपी असेल, तर हा आकडा गांभीर्याने घ्यायचा.

दुसरी बाजू म्हणजे बरं होऊनही लिव्हरमधली चरबी राहिली तर ती आता व्हायरसच्या नावावर टाकता येत नाही. मग वजन, शुगर, दारू हे नेहमीचेच. आणि सिरॉसिस आधीच झालेला असेल तर चरबी जावो न जावो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची, कॅन्सरचा धोका व्हायरसबरोबर पूर्ण जात नाही.

व्यवहारात एवढंच की कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए टेस्टला रक्त द्यायचंच असतं (अँटिबॉडी टेस्ट करू नका, ती बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते आणि उगाच घाबरायला होतं), तर त्याच दिवशी लिपिड प्रोफाइलही करून घ्या, आणि उपचाराआधीचा जुना रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे आधी किती होतं आणि आता किती झालं ते डॉक्टरांना शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.